टाचण नेमकं कोणासाठी?

"टाचण, म्हणजे काय शिकवायचं ते पाठाआधी वहीत लिहून ठेवणं, हा नुसता सहीपुरता उद्योग. वर्गात ती वही कोण उघडतं?" बापूंनी विषय काढला आणि शनिवारचा कट्टा तापला. बसलेले सगळे जिल्हा परिषद शाळांतले.

तात्या उसळले. "डी.एड.ला पाठ काढताना घाम फुटायचा, पण प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन ही पाच पायऱ्यांची शिस्त त्यातूनच लागली. पंचपदीला नावं ठेवू नका."

मी म्हटलं, पंचपदी जपानलाही पोचली होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी, झिलर आणि राइन यांनी ती घडवली. १८८७ मध्ये एमिल हाउसक्नेख्त हा जर्मन प्राध्यापक तोक्योच्या विद्यापीठात शिकवायला आला आणि ती तिथल्या शिक्षकांत पसरली. पण तिथे पाठाचं नियोजन पुढे सगळ्यांचं झालं. एका पाठावर अनेक शिक्षक मिळून कितीतरी दिवस डोकं लावतात. मग एकजण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात आणि नंतर पाठाची चर्चा होते. त्यांच्या टाचणात एक रकाना असतो, मुलं काय उत्तरं देतील याचा. मला हेवा वाटतो तो या रकान्याचा.

५२ वजा २७ घ्या. तिसरीतली काही पोरं हमखास ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण कुणाच्या टाचणात आहे? तिथे फक्त 'विद्यार्थी वजाबाकी करतात'. ३५ येणार हे आधी लिहिलं, तर दशक सोडवायच्या काड्यांचा गठ्ठा आधीच हाताशी राहील.

"बोलायला सोपं आहे," बाई म्हणाल्या. "माझी शाळा द्विशिक्षकी. मी दुसऱ्याचा पाठ बघायला गेले तर माझ्या दोन इयत्ता कोण सांभाळणार?"

या मुद्द्याला उत्तर देणं अवघड होतं, आणि तो खराही आहे. पण शिक्षण परिषदेला केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, आपण सगळे शिक्षक जमतोच की. सूचना आणि परिपत्रकं थोडी आवरती घेऊन तिथे एक खरा पाठ, खऱ्या मुलांसमोर का होऊ नये?

"आणि पाठ फसला तर? सगळ्या केंद्रासमोर?" बापू.

"फसू दे," तात्या म्हणाले. "चर्चा पाठाची करायची, मास्तरची नाही. वजाबाकी मी घेतो. बाई, पोरं तुमच्या शाळेची."

बाईंनी मान डोलावली. बापूंचं म्हणणं मात्र एकच, आधी केंद्रप्रमुखांना विचारा.