तुमच्या गल्लीत रात्रनिवारा येतोय? घाबरू नका, असा बंद पाडा

पहिली गोष्ट म्हणजे पॅनिक होऊ नका. गल्लीच्या टोकाला मनपाची जी मराठी शाळा कित्येक वर्षं बंद पडून आहे तिथे रंगाचे डबे उतरलेत, इस्त्रीवाल्याने खबर आणलीये की तिथे बेघरांसाठी रात्रनिवारा होणारे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून गुड मॉर्निंगचे फोटो सोडून सगळे याच्यावरच बोलतायत. मान्य आहे. पण अजून वेळ गेलेली नाही. असल्या गोष्टी भल्याभल्या वस्त्यांनी परतवून लावल्यात, फक्त पद्धत माहीत पाहिजे.

सुरुवात शाळेपासूनच करा. शाळेबद्दल एकदम जिव्हाळा वाटायला लागला पाहिजे. 'विद्येच्या मंदिरात दारुडे झोपवणार का?' असा सवाल टाका. आता ती शाळा बंद का पडली तर आपल्यातल्या एकानेही आपलं पोरगं तिथे घातलं नाही म्हणून, पण हे कोण विचारत बसतंय. बॅनरवर सावित्रीबाईंचा फोटो घ्या, खाली आपल्या भावी नगरसेवकांचा, तो जरा मोठा.

मग वाक्य पाठ करा. 'आमचा निवाऱ्याला विरोध नाही, पण'. हे वाक्य मिटिंगमध्ये, निवेदनात, आयुक्तांच्या केबिनबाहेर, सगळीकडे चालतं, कारण 'पण'च्या पुढे काहीही जोडता येतं. पण इथे लेडीज असतात. पण इथे सीनियर सिटिझन असतात. पण ड्रेनेजची लाइन जुनी आहे. पण फ्लॅटचे रेट पडतील (हे ग्रुपवर लिहा, निवेदनात नको, निवेदनात 'परिसराची सुरक्षितता' लिहायचं, अर्थ तोच होतो). आणि तुम्ही निर्दयी दिसता कामा नये, त्यासाठी डिसेंबरात ब्लँकेटवाटप उरकून घ्या, एक ब्लँकेट आणि ते धरायला कमिटीचे सात जण, फोटो स्टेशनबाहेरच काढायचा म्हणजे ती माणसं तिथलीच आहेत, इथली नाहीत, हे आपोआप सिद्ध होतं.

कधीतरी संस्थेची एखादी ताई येईल, हातात फाइल, आणि कोर्टाचं सांगायला लागेल. तयारी ठेवा. ती म्हणेल, २००९च्या डिसेंबरात ऐन थंडीत दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा तिथल्या महापालिकेने पाडला, त्यावरून प्रकरण तापलं आणि २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा पाहिजे, तोही बारा महिने चोवीस तास उघडा. २०११च्या जनगणनेत मुंबई होती १ कोटी २४ लाखांची, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे झाले पाहिजेत. त्याच्या आसपाससुद्धा आपण पोचलेलो नाही. तिने हे सांगितलं की घाबरायचं नाही, उलट मान डोलवायची आणि विचारायचं, 'ताई, कोर्टाचा आदर आहेच हो, पण आमचाच वॉर्ड का?' हाच प्रश्न शेजारच्या वॉर्डानेही विचारलेला असतो, त्याच्या शेजारच्यानेही, आणि ती बिचारी फाइल घेऊन परत आपल्याकडेच येते.

जनगणना निघालीच तर एक कामाची माहिती. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११च्या एका रात्रीत केली होती, देशभरात मिळून १७ लाख ७० हजारांच्या वर माणसं निघाली, फुटपाथ, पुलाखालची जागा, जिन्याखालची जागा, देवळाचं आवार, प्लॅटफॉर्म, अगदी मोठे सिमेंटचे पाइप पडलेले असतात त्यात झोपणारेही धरून. तुम्ही याचा उपयोग असा करायचा की 'म्हणजे त्यांची झोपायची सोय आहे की ऑलरेडी'.

आता मेन मुद्दा, जागा. थेट नाही म्हणण्यापेक्षा पर्यायी जागा सुचवणं कधीही चांगलं, त्याने तुम्ही समंजस ठरता. सरकारी नियमच सांगतात की निवारा स्टेशन, एसटी स्टँड, मंडई, मजूर अड्डा असल्या ठिकाणांजवळ पाहिजे, जिथे ही माणसं आधीपासून असतात. का, तर त्यांचं कामच तिथे असतं. मंडईत पहाटे गाड्या रिकाम्या करणारा माणूस तीन वाजता उठतो, त्याला दहा किलोमीटर लांब झोपवलंत तर तो कामावर येणार कसा, त्या वेळी बस नाही आणि रिक्षाला देण्याएवढी त्याची दिवसाची कमाई नाही. म्हणून तुम्ही सुचवायची ती जागा कचरा डेपोच्या मागची, जिथली शेवटची बस साडेनऊला सुटते. बिल्डिंग छान असू दे, हवेशीर, भरपूर झाडं. उद्घाटनाला सगळे जा, टाळ्या वाजवा. तीन महिन्यांनी माहितीचा अधिकार टाकून विचारा की रोज किती लोक झोपतात. चार, पाच, कधी दोन. की झालं तुमचं काम! 'बघा, आम्ही म्हणत होतो ना, या लोकांना निवारा नकोच असतो, त्यांना रस्त्यावरच आवडतं.' मंडईतला माणूस मंडईतच झोपलेला असतो, रिकाम्या पोत्यांवर, पण तो काही तुमच्या माहिती अर्जात येत नाही.

समजा एवढं करूनही निवारा शाळेतच सुरू झाला. होतं असं कधीकधी, एखादा अधिकारी खमक्या निघतो. मग पवित्रा बदला आणि 'सहकार्य' सुरू करा. निवाऱ्याच्या देखरेख समितीत घुसा. आणि तिथे बसून नियम करा, कारण निवारा बंद करायला कुलूप लागत नाही, नियमावली पुरते.

निवाऱ्यावाल्यांचं म्हणणं असतं की दारात कमीत कमी अडथळे पाहिजेत, जो येईल त्याला आत घ्या, कागद नंतर बघू. तुम्ही म्हणायचं, आधार कार्ड दाखवल्याशिवाय एन्ट्री नाही, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. आता आधारला पत्ता लागतो आणि या माणसाकडे तोच नाही, आणि निवाऱ्यात राहिला असता तर निवाऱ्याच्या पत्त्यावरच त्याचं आधार निघालं असतं, मग रेशन कार्ड, मग मतदार यादीत नाव. पण आधार नाही म्हणून निवारा नाही आणि निवारा नाही म्हणून आधार नाही, हा चक्रव्यूह इतका सुबक आहे की त्याला हात लावू नका, आपोआप चालतो.

पुढचा नियम, रात्री दहाला गेट बंद. ऐकायला शिस्तीचं वाटतं, कोणी विरोध करत नाही. केटरिंगची पोरं लग्नसराईत रात्री दीडला सुटतात, अंगात अजून तो हॉलचा लाल कोट, खिशात वाढपाच्या हातमोज्यांची जोडी, बादलीत उरलेला मसालेभात पिशवीत बांधून आणलेला. ती बंद गेटसमोर फुटपाथवर झोपतील. सकाळी त्यांचाच फोटो काढा आणि ग्रुपवर टाका, 'निवाऱ्यामुळे फुटपाथवर गर्दी वाढली'.

प्यायलेला आला तर बाहेर. हातगाडी आत घेता येणार नाही, मग भंगारवाला आपली गाडी रस्त्यावर सोडून आत झोपणार आहे थोडाच, ती गाडी म्हणजे त्याचं दुकान. नवरा एका हॉलमध्ये, बायको-पोरं वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या निवाऱ्यात, संस्कृती जपली पाहिजे. आणि सकाळी सातला सगळ्यांनी बाहेर. चोवीस तास उघडा ठेवा असं कोर्ट म्हणालंय खरं, पण रात्रपाळी करून सकाळी झोपायला येणारा माणूस हा मुळात माणूस म्हणून आपल्या डोक्यात बसतच नाही, तेव्हा त्याचा विचार नियमावलीत कशाला.

खर्चाचा मुद्दा मात्र हातचा सोडू नका. 'आपल्या टॅक्सच्या पैशावर ऐश'. हे वाक्य भारी चालतं. फक्त आकडे कोणाला सांगू नका. निवाऱ्यांना पैसे पुरवणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत ५० माणसांचा निवारा चालवायला वर्षाला ६ लाख धरले होते, भागाकार केला तर माणशी रात्रीचे ३३ रुपये पडतात, आणि त्यात मॅनेजर, आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन केअरटेकर, वीज, पाणी, फिनेल, सतरंज्या धुणं, सगळं आलं. माणशी जागा ५० चौरस फूट. आपल्या सोसायटीत एका गाडीला आखून दिलेला चौकोन याच्या अडीचपट आहे, पण ती गाडी ईएमआयवर घेतलेली असते, तिची गोष्ट वेगळी.

हे पैसेही वेळेवर येतात असं नाही. पगार तीन-तीन महिने लटकला की केअरटेकर सोडून जातात, मग संडास तुंबतो, मग वास येतो, मग तुमची तक्रार खरी ठरते. धीर धरा, सिस्टीम तुमच्याच बाजूने आहे.

आता एक धोक्याची सूचना. चुकूनसुद्धा रात्री तिथे आत जाऊन बघू नका. तिथली गडबड सगळी बाहेरून जेवढी वाटते तेवढी नसते आणि मग तुमच्या तक्रारीतला जोर जातो. भांडणं होतात, नाही असं नाही, पण ती बहुतेक मोबाइल चार्जिंगच्या पॉइंटवरून, पन्नास माणसं आणि सहा सॉकेट, कोणीतरी कोणाची पिन काढलेली असते. गाठोड्याची उशी करून झोपतात कारण लॉकरचं कुलूप स्वतःचं आणावं लागतं. एक म्हातारा टीबीच्या गोळ्या घेतोय, सहा महिन्यांचा कोर्स, केअरटेकर रोज सकाळी त्याला समोर बसवून खायला घालतो, आणि फुटपाथवर असता तर हा कोर्स दुसऱ्या महिन्यातच सुटला असता आणि टीबी काय कंपाउंडची भिंत बघून थांबत नाही. प्यायलेला माणूस आलाच तर अनुभवी केअरटेकर त्याच्याशी वाद घालत बसत नाही, दाराजवळ चटई टाकतो, कुशीवर झोपवतो, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकायला नको, आणि जास्तच वाटलं तर १०८ला फोन. हाच माणूस आधी आपल्या एटीएमच्या पायरीवर पडलेला असायचा आणि आपण त्याला ओलांडून पैसे काढायचो. तर हे असलं काही बघून येऊ नका, झोप लागत नाही मग.

गेटवर केअरटेकरचा नंबर लिहिलेला असतो. दीड वाजता आरडाओरड ऐकू आली तर त्या नंबरवर फोन अजिबात करू नका, तो दोन मिनिटांत खाली येऊन मिटवून टाकेल आणि सकाळी लिहायला काही उरणार नाही. व्हिडिओ काढा. खिडकीतून, पडदा अर्धा सरकवून.

पोलिसांची आठवण करून द्यायची असेल तर १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा हाताशी आहे, आणि तो असा सोयीचा आहे की माणसाने भीक मागितलीच पाहिजे असंही नाही, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी वावरतोय, बघून वाटतंय की मागूनच जगत असेल, एवढं पुरतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडत राहिला तर दहा वर्षांपर्यंत. माणूस हटवायला अधिक काय पाहिजे. तोवर उड्डाणपुलाखाली सुशोभीकरण करून घ्या, जाळी, कुंड्या, कारंजं आणि 'माझं शहर, माझा अभिमान'. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे, म्हणजे आजोबांना टेकायला बरं पडतं. दुकानाच्या पायऱ्यांवर रात्री अकराला पाणी मारायचं, स्वच्छतेसाठी.

एवढं सगळं केल्यावर साधारण वर्षभरात निवारा बंद पडतो. रंग तोवर उडालेला असतो, शाळा परत शाळेसारखी दिसायला लागते, म्हणजे कुलूपबंद. मधल्या काळात एकच काळजी घ्या, गेटवर नवीन आलेल्या रात्रपाळीच्या वॉचमनच्या पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म सेक्रेटरींना वाचायला देऊ नका. दिवसा तो कुठे झोपतो ते त्यात लिहिलेलं असतं. एजन्सीने आठ-नऊ हजारांत माणूस दिलाय, त्यात या शहरात खोलीचं भाडं आणि डिपॉझिट कसं बसतं हा हिशेब आपण लावत बसलो तर मेंटेनन्स वाढवावा लागेल आणि मग पुढची मिटिंग वेगळ्याच विषयावर होईल.

आणि हो, विजयाचा बॅनर. 'नागरिकांच्या एकजुटीला यश', बारा बाय आठचा, चौकात. तो लावायला पोरं रात्रीच मिळतात, स्टेशनच्या बाजूला बाराच्या पुढे गेलात की चार-पाच जण लगेच उठून येतील, बांबू-सुतळीचं काम त्यांना चांगलं येतं. पैसे तेवढे रोख न्या. गुगल पे चालत नाही त्यांच्यात, बँकेत खातं उघडायला पत्ता मागतात.