ट्यूब बिचारी काय करणार!

भाऊबीज आटोपली, मंडया (आमच्याकडच्या जत्रा) सुरू झाल्या, की झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटके रंगतात आणि साउंडवाल्यांच्या मोबाइलवर दरवर्षी तोच एक मजकूर फिरू लागतो. ‘जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प बिघडला? मेकॅनिक कशाला?’ (व्हॉल्व्ह म्हणजेच काचेची ट्यूब; अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी मशीन.) खाली पाच उपाय. आवाज बसला, खरखर आली तर ट्यूब बदला. फ्यूज उडत असेल तर जाड तार टाका. प्लग काढला की करंट राहत नाही, बिनधास्त उघडा. हमिंग येत असेल तर अर्थची पिन काढा. स्पीकर खराब वाटला तर तो सोडवून मशीन नुसती चालवून पाहा. वडशाच्या आसपास बरीच वर्षे मी या मशीन उघडतो आहे. पाचातला एकही उपाय जसाच्या तसा करण्यासारखा नाही, आणि दोन तर थेट जिवावरचे आहेत.

ट्यूबचा उपाय सगळ्यांना आवडतो, कारण त्यात थोडे खरे आहे. ट्यूब झिजते, आणि हाताने काढता येईल असा मशीनमधला तोच एक भाग. काचेच्या आतला चांदीसारखा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली समजा, ती ट्यूब फेकाच. पण मागच्या हंगामात एक गिटारवाला ईएल८४ जातीच्या दोन ट्यूबचा अ‍ॅम्प घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, नवी जोडी टाकली, तरी एक टूब लालच होऊन राह्यली ना!” नव्या ट्यूबचीही प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, लाल होते, म्हणजे कोणीतरी तिच्याकडून झेपेल त्याहून जास्त काम करून घेते आहे. तो कोणीतरी होता कपलिंग कंडेन्सर, दोन ट्यूबच्या मधला. त्याने आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. म्हातारा होऊन तो गळू लागला, की आधीच्या ट्यूबच्या प्लेटवरचा डीसी पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे तिचा करंट आवरणाऱ्या जाळीवर, उतरतो. मी ट्यूब काढली, मशीन चालू केली आणि होल्डरच्या २ नंबरच्या पिनेवर मीटर लावला. या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये तिथे शून्य हवे. मिळाले ११ व्होल्ट. चहा-नाश्त्याच्या पैशात कंडेन्सर बदलला. पठ्ठ्याने तोवर ट्यूबच्या दोन जोड्या जाळल्या होत्या. ईएल३४ ट्यूबच्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ग्रिड ५ नंबरच्या पिनेवर असते आणि तिथे बहुधा उणे व्होल्टेज सापडते. ते गायब झाले तरी प्लेट लालच होणार, ट्यूब कितीही नवी असो.

आवाज बसण्याचे तर आपल्याकडे वेगळेच दुखणे. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू असतात, डीपीवर ताण असतो, आणि २३० च्या जागी १८० व्होल्ट येतात. ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला, म्हणजे हिटरला, ६.३ व्होल्ट लागतात. तेव्हा मिळतात ४.९. गिटार मरगळलेली वाजणारच. मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की तीच ट्यूब खणखणीत. आधी बोर्डावरचे व्होल्टेज मोजा, मग नागपूरला ट्यूब आणायला निघा.

फ्यूजमध्ये जाड तार टाकण्यावर फार लिहीत नाही. फ्यूज उडतो तेव्हा ट्रान्सफॉर्मर वाचतो, आणि जुना ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा माणूस आता शोधावा लागतो. सिरीज बोर्डावर (करंट आधी बल्बमधून जाऊन मग मशीनला मिळतो तो बोर्ड) १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून मशीन सुरू करा (एलईडी इथे कामाचा नाही). बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. रेक्टिफायर ट्यूब, म्हणजे एसीचा डीसी करणारी, काढल्यावर तो मंदावला तर शॉर्ट तिच्यातच किंवा तिच्या पुढे. सगळ्या ट्यूब काढूनही लख्खच राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याची वायरिंग पाहा. मशीनमध्ये रेक्टिफायर ट्यूबऐवजी डायोड असतील तर आधी डायोड तपासा.

आता जिवावरचे. प्लग काढला तरी डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ३००-४५० व्होल्ट बसून राहू शकतात, कधी मिनिटभर, कधी कितीतरी जास्त वेळ. शिकाऊ असताना मी पेचकसाने शॉर्ट करून तो रिकामा केला होता. फटाका वाजला, पेचकसाचे टोक वितळले, उस्ताद शिव्या देत उठले. १०० किलोओहमचा, ३ वॉटचा रजिस्टन्स घ्या, एक टोक चिमट्याने चासीला (मशीनच्या धातूच्या सांगाड्याला) लावा, दुसरे कंडेन्सरच्या धन टोकाला. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिनिटभरात रिकामा होतो. तरी मीटरने बघा, आणि दुसरा हात खिशात ठेवा.

अर्थची पिन काढल्यावर हमिंग कधी कधी खरेच जाते, म्हणून हा सल्ला जास्त घातक. गिटारच्या तारा केबलमधून थेट चासीला जोडलेल्या असतात. आत कुठे फेज चासीला टेकला, तर तो तारांवर येतो. आणि वादकाने गाण्यासाठी दुसऱ्या मशीनच्या माइकला ओठ लावले की करंटचा रस्ता त्याच्या छातीतून जातो. दोन मशीनच्या अर्थचा घोळ असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर लावा, किंवा मधल्या आवाजाच्या लाइनमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

आणि हमिंग कुठली ते आधी ऐका. ५० हर्ट्झची असेल तर अर्थ, हिटरची वायरिंग किंवा केबल. १०० ची असेल तर बहुधा सुकलेले फिल्टर कंडेन्सर. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचा फरक. पेटीवाल्याला बोलवा, तो डोळे मिटून सांगेल. व्हॉल्यूम कमी केल्यावर हमिंगही कमी झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात. इथे एक कबुली देतो : आउटपुटच्या दोन ट्यूब एकमेकींशी जुळत नसतील तरी १०० ची हमिंग येते. तेवढ्यापुरता ट्यूब बदलण्याचा सल्ला खरा.

राहिला स्पीकर. हा सल्ला ट्रान्झिस्टरच्या मशीनवर हात बसलेल्या माणसाचा आहे. तिथे स्पीकर नसला तरी सहसा काही होत नाही, शॉर्ट झाला की मात्र मशीन जाते. व्हॉल्व्हच्या मशीनचे उलटे. स्पीकर नसताना सिग्नल आला की ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वाइंडिंगवर, व्होल्टेज उसळते, होल्डरच्या पिनांमध्ये ठिणग्या पडतात, वाइंडिंग जळते. तपासायचेच असेल तर मशीनवर जितके ओहम लिहिले तितक्याचा, तिच्या वॉटच्या दुप्पट ताकदीचा रजिस्टन्स स्पीकरच्या जागी जोडा. तो चांगलाच तापतो, मंडपाच्या कापडापासून लांब ठेवा.