मंडळाचा वर्षाचा खर्च बारा मिनिटांत पास कसा करायचा

यंदा मंडळाचं खजिनदारपद तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग अभिनंदन राहू द्या, आधी बसा. आता वार्षिक सभा लागेल, इंदूरातल्या रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतचे सगळे काका चष्मे पुसत येतील आणि पहिलाच प्रश्न टाकतील की मांडववाल्याला एवढे कशाला दिले. मी पहिल्या वर्षी बावळटासारखा खरा हिशोब घेऊन उभा राहिलो होतो, तोरणाच्या अकराशे रुपयांवर दीड तास गेला, आणि घरी आल्यावर बायको म्हणाली चेहरा असा का झालाय. त्यानंतर मी संसदेचं कामकाज बघायला लागलो. भिया, काय सांगू, अपन उगाच घाम गाळतो, तिकडे सगळी सोय करून ठेवलेली आहे.

आधी नावापासून सुरुवात करा. 'बजेट' म्हणूच नका, संविधानात पण तो शब्द नाही, कलम 112 मध्ये त्याला वार्षिक वित्तीय विवरणपत्र म्हणतात, आणि असलं नाव ऐकूनच अर्धी सभा जांभया द्यायला लागते. मग कढई चढवा. दिल्लीत बजेटची कागदपत्रं छापायच्या टप्प्यावर हलवा करतात, अर्थमंत्री स्वतः डाव घेऊन उभे राहतात, दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. तुम्ही शिरा करा. लोकांना शिऱ्यात काजू किती होते ते वर्षभर लक्षात राहतं, आकडे कोणाच्या लक्षात राहतायत.

समिती नेमायला विसरू नका, अभ्यास करणारी माणसं समितीत टाकली की सभेत शांतता राहते. संसदेत 1993 पासून अशा स्थायी समित्या आहेत, आता 24 आहेत, बजेट 1 फेब्रुवारीला मांडलं की मधे सुट्टी असते, त्या सुट्टीत त्या एकेका मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या खरंच बसून वाचतात, अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात, चांगले रिपोर्ट लिहितात. म्हणजे टिंगल नाही, रिपोर्ट खरंच वाचण्यासारखे असतात. फक्त ते मानायचे की नाही हे सरकारच्या हातात. तुम्ही पण रिपोर्ट घ्या, हार घाला, कपाटात ठेवा.

आता कोणीतरी म्हणेल मला कपात सुचवायचीय. सुचवू द्या की! लोकसभेत पण कपात सूचना असतात आणि त्या मला फार आवडतात. धोरणच पटत नसेल तर म्हणायचं की ही मागणी कमी करून 1 रुपया करा, आणि नुसती एखादी तक्रार मांडायची असेल तर म्हणायचं मागणीतून 100 रुपये कापा. हजारो कोटींतून 100 रुपये! आपल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत एवढ्यात दोघांचं पोटभर खाणं पण होत नाही. त्यातून एखादी सूचना पास झालीच तर सरकारवर विश्वास उरला नाही असं धरतात, म्हणून ती पास होत नाही.

पण खरा माल पुढे आहे, त्याचं नाव गिलोटिन. फ्रान्समधे त्याने मुंडकी उडवायचे, आपल्याकडे चर्चा. प्रत्येक मंत्रालयाची मागणी वेगळी, त्यावर बोलायचं, मत द्यायचं, असा नियम, पण ठरलेल्या शेवटच्या दिवशी वेळ झाली की ज्यांच्यावर एक शब्द बोलणं झालं नाही त्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. दरवर्षी थोड्याच मंत्रालयांवर बोलणं होतं, बाकीच्या अशाच जातात. 2018 साली मात्र सगळ्याच गेल्या, 99 मागण्या, वर खर्चाचं विनियोजन विधेयक, वर करांचं वित्त विधेयक, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास, आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर कोण, तर इंदूरहून 8 वेळा निवडून गेलेल्या आपल्या ताई, सुमित्रा महाजन. 2023 ला तर कहरच, साधारण 45 लाख कोटींचं बजेट 12 मिनिटांत. मी मोबाईलवर भागाकार केला, सेकंदाला सव्वासहा हजार कोटी पडतात. तोरणाचे दीड तास आठवून मला रडू आलं हो.

हे जमलं कसं ते नीट समजून घ्या. दोन्ही वर्षी सभागृहात गोंधळ होता, घोषणा, फलक, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत माणसं, आणि 2023 ला तर सत्तेतले पण ओरडत होते आणि विरोधातले पण. म्हणून म्हणतो, सभेत ओरडणाऱ्या माणसाला कधीही गप्प बसवू नका, त्याला पुढची खुर्ची द्या, पाणी द्या, जमलं तर माईक द्या. तो ओरडतोय तोवर कागद सरकवा. इकडे बाहेर पोह्यांचं पातेलं येऊ द्या, वरून शेव, जीरावन मसाला, वास आत आला की विचारा, मंजूर? झालं.

मंजूर झाल्यावर एक कागद करावाच लागतो, विनियोजन विधेयक, कलम 114, त्याच्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक पैसा काढता येत नाही. तो ज्येष्ठांकडे पाठवा, म्हणजे राज्यसभेकडे. त्यांना 14 दिवस, सूचना कितीही करू देत, मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते, आणि 14 दिवसांत काही बोललेच नाहीत तर पास झालं असंच धरतात. आपल्या सल्लागार मंडळाला हा नियम उद्याच लावा.

आणि कर्ज असेल तर फारच छान, कारण कर्जाचं व्याज हा भारित खर्च, त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. 2024-25 च्या बजेटात नुसतं व्याजच 11 लाख कोटींच्या वर होतं. तेव्हा जो खर्च अडतो तो उधारीवर करा, पुढच्या वर्षी तो व्याज होऊन येतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. एवढं करूनही पैसे कमी पडले तर पुरवणी मागण्या आहेत, त्या पावसाळी अधिवेशनात पण येतात, हिवाळी अधिवेशनात पण येतात. पैसे उरले तर 31 मार्चच्या आत उडवून टाका, नाहीतर परत जातात, खुर्च्या घ्या, चांगल्या असल्या तरी घ्या.

फक्त एक अडचण आहे. आमच्या सभेला एक काकू येतात. त्या ओरडत नाहीत, मागच्या तीन वर्षांच्या वह्या पिशवीत घालून आणतात, आणि पोहे घरूनच खाऊन येतात. मी त्यांच्यावर संसदेत उपाय शोधतोय, अजून सापडला नाही.