'गॅरेजछाप' म्हणालात, म्हणून एवढं लांबलं

सहातारी यांस,

(खरं नाव दिलं असतंत तर नावानिशी लिहिलं असतं. असो.)

'काळी गिटार पिस्ता कशी झाली' या, जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी रंगवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपलो. सोमवारी ऑफिसात दिवसभर तोच एक शब्द कानात वाजत राहिला, म्हणून आज बसलोय. बाकीच्या वाचकांना खाली शोधत जावं लागू नये म्हणून तुमचं म्हणणं इथे पुन्हा देतो:

"भाऊ, राग मानू नका, पण हे गॅरेजछाप काम आहे, आणि फोटो बघून वाटतं की तुम्ही आयुष्यात कधी स्प्रे गन हातात धरलेली नाही. क्लिअर मारून ९ दिवसांत बफिंग? निदान ४ आठवडे थांबायचं. तेही भर जुलैत. नेकच्या खाचेत रंग गेलेला स्पष्ट दिसतोय. लॅकर मारताना तोंडाला रुमाल? १५०० नंतर २०० नंबरचा पेपर कुणी घेतं का? दोन व्हिडिओ बघून माणूस रंगारी होत नाही. नवशिके हे वाचून चांगल्या गिटारी खराब करतील."

(नवख्या वाचकांसाठी: क्लिअर म्हणजे रंगावरचा पारदर्शक लॅकरचा थर, बफिंग म्हणजे त्याला घासून चकाकी आणणं, नेक म्हणजे गिटारची मान, ती बॉडीतल्या खाचेत बसते. पेपर म्हणजे घासायचा पेपर, नंबर जितका मोठा तितका तो बारीक.)

'राग मानू नका' असं आधी लिहून ठेवलं की पुढे काहीही लिहायची मुभा मिळते, ही पद्धत मला कधी कळलेली नाही. 'भाऊ' म्हणायचं आणि भावाला चारचौघांत उघडं पाडायचं. तुम्हाला सांगायचंच होतं तर "पेपरच्या नंबरात काहीतरी गडबड दिसते, बघून घ्या" असंही सांगता आलं असतं.

आणि गडबड होतीच. ते २०० नव्हे, २००० आहे. एक शून्य टाइप करताना राहिलं. १५०० नंतर कुणी खरोखर २०० चा पेपर फिरवला असता तर त्याच्या आठवड्याभराच्या कामाची माती झाली असती. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे, तुमचे आभार. बघा, चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

आता गॅरेजकडे येऊ.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये रंगारी होते. सत्तावीस वर्षं. अँबॅसिडर, फियाट, जीपा, ट्रकची केबिनं, मिळेल ते. पाचवीपासून प्रत्येक मे महिना मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलाय. माझ्या वाट्याला वॉटर पेपर. बादलीत पाणी, पाण्यात साबणाचा तुकडा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला पेपर आणि समोर एक अख्खं बॉनेट. आधी लांबी, म्हणजे खड्डे भरायचा लेप, घासायची, मग सरफेसर, म्हणजे रंगाखालचा राखाडी थर. अण्णा सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ठेवायचे. घासत गेलं की उंच जागचं काळं निघून जातं आणि खड्ड्यातलं तसंच राहतं. जिथे काळं दिसेल तिथे अजून लांबी. मी एकदा घाईत ते काळं खड्ड्यातून बोटाने खरवडून काढलं होतं. अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत, माझा हात धरला आणि तळवा त्या जागेवरून फिरवला. "डोळं मिट. आता सांग, हाय का न्हाई खड्डा?" होता.

तुम्ही ज्याला गॅरेजछाप म्हणता ते हे. माझ्या गिटारवरही मी हेच केलं. लेखातला सातवा फोटो पुन्हा बघा. राखाडी बॉडीवर काळे ठिपके दिसतात ना, ती घाण नव्हे. बॉडी बासवुडची आहे, चार तुकडे जोडलेली, इतकी मऊ की नखाचा वण उठतो. वर पॉलिएस्टरचा जाड काळा थर. त्याला रंग काढायचं केमिकल लावून बघितलं, ते वरच्या वर घरंगळलं. मग हीट गन आणि पत्र्याची पट्टी, तीन रविवार. पट्टीने पाच ठिकाणी खोक पडली. तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. पाचातल्या चार खोकी भरून आल्या, पाचवीत लांबी भरली. कोपराजवळचा तो उतार आहे ना, हात टेकतो तिथला, त्याला ठोकळा चालत नाही. मडगार्डला घासतात तसा पेपर नुसत्या तळव्याखाली धरून घासावा लागतो. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. (आणि व्हिडिओ दोन नव्हे, तीन बघितले.)

बरं, गॅरेज आणि गिटार यांचं नातं मी आज जोडतोय का? कोल्हापुरात आजही लोक "कपाटाला ड्युको मारून घेतला" म्हणतात. ड्युको हे ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२० च्या दशकात ते जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आलं, आणि जे रंगकाम वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे ते काही दिवसांत उरकायला लागलं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, आणि नेहमीच्या सनबर्स्टपेक्षा (मधे फिका, कडेला गडद होत जाणारा रंग) वेगळा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी त्याच्या कारखान्याने सरळ मोटारीच्या रंगाचे डबे उघडले. ड्युको आणि त्याचं ॲक्रिलिक भावंड ल्युसाइट. फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. असा रंग हवा असेल तर किमतीवर ५ टक्के जादा. त्या रंगातली जुनी स्ट्रॅट आज कुणाच्या हाती लागली तर तो ती काचेत ठेवतो, आणि तिच्यावरचा रंग गाडीचा आहे. तुमच्या प्रोफाइलला जी लाल गिटार लावली आहे, तिच्या लाल रंगाचं कूळ काढलंत तर ते शोरूममध्ये नाही, मडगार्डवर सापडेल.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची ती पट्ट्यापट्ट्यांची गिटार तर सायकलच्या रंगाने रंगवलेली, मास्किंग टेप चिकटवून, घरी. त्याला कुणी "भाऊ, राग मानू नका" लिहिलं असेल का? मी व्हॅन हेलन नाही हे मला ठाऊक आहे. तेवढं तरी सोडा.

राहिली स्प्रे गन. 'आयुष्यात कधी हातात धरलेली नाही' असं तुम्ही ठामपणे लिहिलंत. तर ऐका. गॅरेजमध्ये संध्याकाळी काम संपलं की अण्णांची गन धुणं हे माझं काम होतं. कप काढायचा, थिनर घालायचा, नोझल आणि सुई उघडायची, सुईला ओरखडा जाऊ न देता पुसायची, हवेची भोकं तारेने नव्हे, दातकोरणीने साफ करायची. सहा उन्हाळे, रोज. नाही, गाडीवर चालवायला अण्णांनी ती मला कधी दिली नाही. "एक ओघळ आला तर शेठ माझा पगार कापंल," म्हणायचे. नंतर मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो आणि विषय संपला. पण हातात न धरता गन धुता येत असेल तर कशी, ते मला जरूर कळवा.

गिटारला मी स्प्रेचे डबे वापरले ते गन येत नाही म्हणून नव्हे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. रविवारी दुपारी गॅलरीत कॉम्प्रेसर सुरू केला असता तर सोसायटीच्या पुढच्या सभेचा विषय मीच झालो असतो. डब्यात दाब कमी, फवारा बारीक, त्यामुळे एका हातात रंग बसत नाही, सात-आठ हात मारावे लागतात, आणि संत्र्याच्या सालीसारखा दाणा येतो तो घासून काढावा लागतो. घासायला मी कधी कंटाळलो नाही. फोटोत तुम्हाला जी खालच्या कडेला लाट दिसली असेल ती उजेडाची आहे. बरीचशी.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

४ आठवडे थांबा, हे पुस्तकी आहे. लॅकर वाळतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, दोन भाग मिसळून मारायच्या पीयूसारखं (पॉलियुरेथेन) ते आतून रसायनाने कडक होत नाही, हे मला माहीत आहे. नाकाशी धरून वास घेतला, फार आला नाही, घासायला घेतलं. स्टँडच्या रबराचे दोन ठसे उमटलेत, पण ते मागच्या बाजूला आहेत, वाजवताना माझ्या शर्टाला दिसतात. जुलैचं म्हणाल तर पहिल्या दिवशी पांढरट ढग आला होता खरा. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थराखाली अडकतं. अण्णा पावसाळ्यात गाडीशेजारी हॅलोजन लावून ठेवायचे. मी हेअर ड्रायर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी वरून एक हात मारला, त्यात ढग विरघळून गेला. ऑक्टोबरपर्यंत थांबायला हवं होतं हे कुणीही सांगेल. ऑक्टोबरमध्ये मला सुट्टी नसते.

नेकच्या खाचेबद्दल तुम्ही एवढं काय बघितलंत कळत नाही. टेप लावली होती, कड थोडी सुटली. नेक घट्ट बसला, जरा जास्तच, हाताने दाबून जाईना म्हणून रबरी हातोडीचे दोन ठोके द्यावे लागले. कडेला केसाएवढी चीर दिसते ती रंगाची आहे, लाकडाची नव्हे. गिटार सुरात आहे.

रुमालाचं मात्र मी वाद घालणार नाही. लेखात तो परिच्छेद बदलला आहे. वाफा अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क, खिडक्या उघड्या, जवळपास पेटता गॅस किंवा देवाचा दिवा नाही. अण्णाही रुमालच बांधायचे, ओला करून. त्या शेडमधल्या सगळ्यांनीच तेच केलं. आता त्यांना दोन जिने चढले की मधे थांबावं लागतं. मी गॅलरीत तोंडाला रुमाल बांधून उभा होतो तेव्हा ते आतल्या खोलीतून दोनदा ओरडले, आणि मी दार लावून घेतलं, वास आत जाऊ नये म्हणून. हे तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं.

नवशिक्यांची काळजी करू नका. ते तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहेत, चांगल्या गिटारला हात लावत नाहीत. मीही ४,५०० रुपयांची जुनी घेतली होती, लेखात पहिल्याच ओळीत आहे. रंगाला २,३०० गेले. तेवढ्यात दुसरी बॉडी आली असती, असं अजून कुणी म्हणालं नाही, तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

गिटार पूर्ण झाल्यावर अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि कोपराच्या उतारावरून तळवा फिरवला. मग खालच्या कडेवरून. तिथे हात थांबला. "हितं कोण घासलं?" एवढंच विचारलं.

ती कड मी येत्या शनिवारी परत ८०० पासून घासायला घेणार आहे. आणि तुम्हाला वेळ असेल तर, तुमच्या त्या लाल गिटारसाठी स्टँडच्या रबराभोवती तुम्ही काय गुंडाळता, सुती कापड की आणखी काही, तेवढं कळवा. 'भाऊ' न म्हणता कळवलंत तरी चालेल.