मशीन विकलं, तर त्याचं पुस्तकही द्या

ज्यानं मशीन विकत घेतलं त्याला त्याचं मॅन्युअल, वायरिंग डायग्राम आणि पॅरामीटर लिस्ट (मशीनमध्ये भरलेल्या सेटिंगच्या आकड्यांची यादी) मिळालीच पाहिजे. पहिल्या मालकाला मिळावी, त्याच्याकडून जुनं मशीन घेणाऱ्यालाही मिळावी, आणि मशीन वीस वर्षांचं झालं तरी मिळावी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या कारखान्यांच्या भागांत पॅनेल, ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि सीएनसीच्या (कॉम्प्युटर कंट्रोलवर चालणाऱ्या मशीनच्या) दुरुस्तीची कामं करताना हे कागद नसतात, या एकाच गोष्टीपायी जीव मेटाकुटीला येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शॉप चालवणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडची बरीच मशीन शॉप जुन्या मशीनवर उभी राहिली आहेत. एखाद्या मोठ्या कारखान्यातून लिलावात निघालेलं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) व्यापाऱ्यामार्फत इथं येतं. मशीन येतं, कधी एखादं फिक्स्चर येतं, पुस्तकं मात्र येत नाहीत. ती आधीच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या कपाटात राहिलेली असतात, नाहीतर रद्दीत गेलेली असतात. पॅनेलच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पाकिटात पॅरामीटरचा कागद असतो, तो तेलानं आणि उष्णतेनं असा झालेला असतो की तीन आहे की आठ ते कळत नाही. आणि मग एक दिवस स्क्रीनवर अलार्म येतो. नुसता नंबर. फाउंड्रीतून कास्टिंग येऊन पडलेली असतात, गिऱ्हाइकाचे फोन चालू असतात, आणि मालक मागं उभा राहून विचारत असतो, "सापडलं का ओ साहेब?"

सापडत नाही. मॉडेल नंबर टाकून शोधलं की पहिल्या पानावर जे येतं त्यातलं बहुतेक खोटं असतं. आपण टाकलेला नंबर शीर्षकात लावून पान तयार केलेलं असतं, आत फाइलच नसते. हिरवं मोठं डाउनलोडचं बटण ही जाहिरात असते. कुठं पीडीएफ म्हणून दाबलं की भलतंच सॉफ्टवेअर उतरायला लागतं, आणि ज्या कॉम्प्युटरवर टॅली आणि जीएसटीचं काम चालतं त्यावर ही जोखीम कोण घेणार? कुठं पहिली तीन पानं स्वच्छ दिसतात, चौथ्यापासून पुढं धूसर करून डॉलरमध्ये पैसे मागतात. ते पुस्तक त्या साइटनं लिहिलेलं नसतं. कुणीतरी चांगुलपणानं कुठंतरी ठेवलेली फाइल उचलून ही मंडळी तिचा बाजार मांडतात. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

मग कंपनीची साइट. नाव, ईमेल, हुद्दा, मशीनचा सीरियल नंबर, सगळं भरा. भरल्यावर उत्तर येतं की आपल्या विभागातल्या प्रतिनिधीशी संपर्क साधा. प्रतिनिधी म्हणतो सर्व्हिस कॉल लावा. त्याचे पैसे भरले की इंजिनीअर येतो आणि लॅपटॉपमध्ये जे पुस्तक उघडतो, तेच पुस्तक आपण मागत होतो. कौशल्याचे पैसे घेण्याला माझा विरोध नाही, मीही घेतो. पण अलार्मचा अर्थ सांगणारं पान हे कौशल्य नाही. तो विकलेल्या मालाचा भाग आहे.

फाइल मिळाली तरी ती आपल्याच मशीनची आहे का, हा वेगळाच जाच. ड्राइव्ह तोच, पण नेमप्लेटवर शेवटचं एक अक्षर वेगळं असतं आणि पॅरामीटरचे नंबर बदललेले असतात. २०० व्होल्ट आणि ४०० व्होल्टची मॉडेल एकाच पानावर शेजारी छापलेली असतात, आणि स्कॅन धुरकट असला की नेमकी तीच ओळ वाचता येत नाही. हल्ली पोरं एआयला विचारतात. उत्तर लगेच येतं, ठामपणे येतं, पॅरामीटर नंबरासकट येतं. पण पुस्तक समोर नसताना तो नंबर बरोबर की चूक हे ठरवायचं कशावरून? स्पिंडल चालू असताना पॅरामीटर चुकला तर काय होतं, हे शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

बरं, आज सापडलेलं उद्या तिथंच असेल याची खात्री नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं त्यात दिसलं. आणि आपल्या शॉपमधली मशीनं दहा वर्षांत म्हातारी होत नाहीत, उलट त्यांचं इथलं आयुष्य तेव्हा सुरू होतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर कंपन्याच एकमेकांत मिसळत गेल्या. नॅशनल सेमीकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं घेतली, इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ मध्ये इन्फिनिऑनकडं गेली, फेअरचाइल्ड २०१६ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडं. जुन्या सर्किट कार्डावरच्या आयसीवर (चिपवर) छापलेलं नाव आज ज्या पत्त्यावर शोधायचं तो पत्ताच बदललेला असतो. नवीन मालक चालू मालाची डेटाशीट (तांत्रिक माहितीचं पत्रक) ठेवतो, बंद झालेल्या मालाची ठेवेलच असं नाही. म्हणून बुकमार्कवर विश्वास ठेवू नका. बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता, घर पाडलं की त्याचा उपयोग संपला.

फाइल उतरवून ठेवली तरी ती उघडेल का, हेही बघावं लागतं. जुन्या सीडीवर मदतीच्या फाइली एचएलपी प्रकारात यायच्या, त्या विंडोज व्हिस्टापासून सरळ उघडेनाशा झाल्या. मदतीच्या फाइलींचा पुढचा प्रकार म्हणजे सीएचएम, ती फाइल इंटरनेटवरून उतरवली की बाजूची यादी दिसते आणि आतली पानं कोरी दिसतात. लोक फाइल खराब आहे समजून काढून टाकतात. तसं करू नका. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि अनब्लॉकवर खूण करा, पानं दिसायला लागतील. फ्लॅशवर चालणारे कॅटलॉग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपल्यावर गेले ते गेलेच. त्यामानानं पीडीएफ बरी. अडोबीनं ती १९९३ मध्ये आणली, २००८ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि जपून ठेवण्यासाठी पीडीएफ/ए असा वेगळा प्रकार २००५ पासूनच आहे. ठेवायचंच असेल तर त्यात ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप हे कपाट नाही, हे आमच्या लाइनमधल्या प्रत्येकाला मला हात जोडून सांगायचंय. "भावा, तेवढं मॅन्युअल टाक की" म्हटलं की मित्र टाकतो, आपण काम उरकतो आणि विसरतो. वर्षानं मोबाइल बदलतो. मग त्या फाइलवर बोट ठेवलं की ती आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं येतं. पाठवणाऱ्यानंही मोबाइल बदललेला असतो. फाइल असलीच तर तिचं नाव तारीख आणि नुसते आकडे. असल्या शेकडो फाइलींतून लेथचं पुस्तक कोणतं आणि लग्नपत्रिका कोणती हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून फाइल मिळाल्या मिळाल्या नाव बदला. कंपनी, मॉडेल नेमप्लेटवर आहे तसं शेवटच्या अक्षरासकट, पुस्तकाचा प्रकार, आवृत्ती आणि कुठून घेतली ते. ज्या पानावर मिळाली ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' करून टाका, फुकट आहे, मिनिटाचं काम आहे. पण तेवढ्यावरही राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळं ते अर्काइव्ह स्वतःच काही दिवस बंद होतं. एक प्रत शॉपमध्ये, एक घरी.

ही घरची प्रत का, ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात पुलाची शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. माझ्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं तेव्हा मोटारी त्यानं वाळवून, रिवाइंड करून परत चालवल्या. लोखंड टिकलं, पण मूळ ड्रॉइंगच्या फाइलींचा लगदा झाला. त्या मशीनची ड्रॉइंग जगात आणखी कुठं असतील का, ते तो आजही शोधतोय.

यावर काहीजण म्हणतात, आपल्या लोकांनी पुस्तकाशिवाय काय काय केलं. खरं आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात १९१८ मध्ये स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याचीच आठवण आहे. उद्यमनगरातली जुनी मिस्त्री मंडळीही इंजिन खोलून, मापं घेऊन नवीन इंजिन उभं करायची. मला त्याचा अभिमान आहे. पण गिअर आणि कॅम डोळ्यांना दिसतात, कॅलिपरनं मोजता येतात. बऱ्याच जुन्या सीएनसी कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं, आणि कितीही हुशार माणूस कार्ड खोलून बसला तरी तिथं अक्ष किती लांब आणि बॅकलॅश (स्क्रूमधल्या ढिलाईची भरपाई) किती भरला होता हे लिहिलेलं सापडत नाही. ती अक्कल हातात नसते, कागदावर असते. हाताची अक्कल भरपूर असलेल्या गावाला तो कागद न मिळणं हा अन्याय आहे, आणि तो शब्द मी विचार करून वापरतोय.

सरकारच्या पातळीवर थोडं हललंय. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. कारखान्यातली मशीनं त्यात नाहीत. ती यायला हवीत. छोट्या शॉपचा मालक कर्ज काढून मशीन घेतो, त्याला ग्राहक म्हणायचं नाही तर कुणाला?

आणि हे होऊ शकतं याचा दाखला आहे. फाउंड्रीवाल्यांना आयएस २१० माहीत असतंच, ग्रे आयर्न कास्टिंगचं मानक. असली मानकं पूर्वी पैसे देऊन घ्यावी लागत. अमेरिकेतल्या कार्ल मालामुद यांच्या पब्लिक रिसोर्स संस्थेनं ती स्कॅन करून इंटरनेटवर खुली केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आज बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरोनं) स्वतः तयार केलेली मानकं त्यांच्याच पोर्टलवरून मोफत उतरवून घेता येतात. त्यामुळं बीआयएस बुडालं नाही. शिरोलीतला पोरगा आता झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून ग्रेड वाचत नाही, एवढाच फरक पडला.

आपल्या औद्योगिक संघटनांनी मनावर घेतलं तर एक काम सहज होईल. मशीन घेताना ऑर्डरमध्ये एक अट घालायची: मॅन्युअल, सर्किट डायग्राम, लॅडर (मशीनच्या कंट्रोलचा प्रोग्रॅम) आणि पॅरामीटर बॅकअप पेन ड्राइव्हवर, शोधता येईल अशा पीडीएफमध्ये, तेही शेवटचं पेमेंट देण्याआधी. एकटा माणूस ही अट घालतो तेव्हा सेल्समन हसून विषय बदलतो. पन्नास जणांनी घातली तर तो हसणार नाही.

तोवर माझ्याकडून होईल ते करतोय. कोणाच्या कपाटात जुन्या मशीनची पुस्तकं असतील, इंग्रजी, जर्मन, जपानी कुठलीही, मॉडेल नंबर लिहून मला मेसेज करा. पुस्तक तुमच्याकडंच राहील. मी स्कॅनर घेऊन येतो, शोधता येईल अशी पीडीएफ करून तुम्हाला देतो, आणि तुमची हरकत नसेल तर एक प्रत मी ठेवतो. पॅनेलच्या दारावरचा कागद असेल तर त्याचा आजच उजेडात नीट फोटो काढा. आणि कंट्रोलवर बॅटरी लो दिसत असेल तर आधी बॅकअप घ्या, मग बॅटरी बदला. बहुतेक कंट्रोलमध्ये ती पॉवर चालू ठेवूनच बदलायची असते, पण आपल्या मॉडेलचं नक्की काय ते बघून घ्या. पुस्तक नसेल तर विचारा, माझ्याकडं असलं तर लगेच पाठवतो.