दुकान बंद झालं, मीटिंग कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या दारूवरच्या चर्चा अमेरिकेत बसून ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. सगळं भांडण दुकानाभोवती फिरतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा महसूल, चोरटी दारू आणि राजकारण यांवर भरपूर बोललं गेलं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही तेच. ‘आडव्या बाटली’ला मत देऊन गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांबद्दल मनात आदरच आहे. पण दुकानाला कुलूप लागलं त्या संध्याकाळी, ज्याचे हात थरथरताहेत त्यानं जायचं कुठे, हे कुणी विचारत नाही.

इथे अनेक राज्यांत बिअर पेट्रोल पंपावरही मिळते. बंदीचा विषयसुद्धा निघत नाही. तरीही सोडू पाहणाऱ्याला ‘आज, जवळपास, किती वाजता’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर मिळतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला मीटिंगमध्ये एकत्र बसण्याची संघटना. ती १९३५ साली याच देशात ओहायोतल्या ॲक्रन गावी सुरू झाली. तिच्या ‘मीटिंग गाइड’ ॲपमध्ये वार, वेळ, अंतर टाकलं की यादी येते. मात्र यादी जुनी असू शकते. गट जागा बदलतात, बऱ्याच मीटिंग चर्चमध्ये भरतात आणि सुटीच्या दिवशी चर्च बंद असतं. म्हणून निघण्यापूर्वी त्या भागातल्या एए कार्यालयाचं संकेतस्थळ पाहावं किंवा फोन करावा. पंधरा मिनिटं आधी पोचावं, कारण दार बहुतेक वेळा बाजूला किंवा मागे, तळघराकडे जाणारं असतं. मुख्य दार बंद पाहून परत फिरलेला माणूस पुन्हा येईलच असं नाही.

चर्च पाहून आपली माणसं बिचकतात. गट तिथे फक्त भाडेकरू असतो. शेवटी हात धरून प्रार्थना होते कधी कधी. ती म्हटलीच पाहिजे असं नाही. ‘ओपन’ मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कुणीही येऊ शकतं. ‘क्लोज्ड’ मीटिंग ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे त्याच्यासाठीच. ती इच्छा हीच सभासदत्वाची एकमेव अट. फी नाही, आडनाव सांगायचं नाही. तास-दीड तास चालतं. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. एकाचं शेअरिंग, म्हणजे स्वतःबद्दल सांगणं, चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. आपल्याकडे पिणाऱ्याला सल्ल्याशिवाय काही मिळत नाही, म्हणून ही शांतता पहिल्यांदा विचित्र वाटते. टोपली फिरते, नव्या माणसानं त्यात पैसे टाकायची गरज नसते.

एकाच मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा. निदान पाच-सहा ठिकाणी बसून पाहावं. मीटिंग संपल्यावर लगेच गाडीकडे पळू नये, कारण फोन नंबर त्या दहा मिनिटांतच मिळतात. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, शक्यतो आपल्याच लिंगाचा आणि बऱ्याच काळापासून सोबर, म्हणजे दारूपासून दूर, असलेला निवडावा. देवाची भाषा अजिबातच पचत नसेल तर १९९४ पासून चालत आलेली ‘स्मार्ट रिकव्हरी’ ही देवाचा आधार न घेणारी दुसरी संघटना आहे.

आपल्या लोकांची खरी अडचण भाषेची. ऑफिसचं इंग्रजी येतं, पण आईसमोर पडलेल्या रात्रीबद्दल इंग्रजीत बोलता येत नाही. मायदेशातली ऑनलाइन मराठी मीटिंग इथे फार मोलाची ठरते. फक्त घड्याळ सांभाळावं: भारतातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. नोव्हेंबरात घड्याळं मागे जातात, आणि नेमकी तेव्हा मीटिंग चुकते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच धोक्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगच्या उत्साहात एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ, ताप, प्रसंगी मृत्यू. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

मायदेशी काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, आणि तिथे घरच्यांना उपचारात जसं सामावून घेतलं जातं तसं इथे क्वचितच दिसतं. इथे बायकोला अल-अनॉनचा, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाचा, पत्ता मिळतो, पुढचं तिचं तिनं पाहायचं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पण केंद्रातून घरी परतलेल्या माणसाला तालुक्याच्या गावी मीटिंग सापडायला हवी, आणि तिथेच आपण कमी पडतो. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. एएकडे पद्धतशीर नेणारे उपचार सलग सोबर राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस दिसले. म्हणजे हे नुसतं भजनी मंडळ नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या गावात आडवी बाटली जिंकते, तिथल्या ग्रामपंचायतीनं आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली द्यावी, आणि तिचा वार, वेळ एसटी स्टँडवर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर लिहावी. कार्यकर्त्यांचं भाषण तिथे नको. सोबर राहण्यासाठी दोन-तीन पिणारे एकत्र बसले तरी एएच्या परंपरेत तो गट होतो. फक्त त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, हे त्या दोघा-तिघांना माहीत असायला हवं.