नव्या व्हायोलिन बेसचा यथासांग सत्यानाश

व्हायोलिनच्या आकाराचा बेस, म्हणजे चार जाड तारांची खालच्या सुरांची गिटार, घ्यायचं ठरलंच असेल तर आधी अभिनंदन. दिसण्यावर भाळून वाद्य घेण्यात कमीपणा काही नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर कंपनीचा असाच ५००/१ बेस घेतला, तेव्हा एकतर तो परवडत होता आणि दुसरं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात तो विचित्र दिसत नव्हता. हा आकार बीटल्सनेच जगाला दिला, असं मात्र चारचौघांत ठासून सांगत चला. हॉफ्नरचा हा बेस १९५६ मध्ये आला आणि त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, गिब्सनने भरीव महोगनीचा व्हायोलिन बेस काढला होता, हे कोणी मध्येच बोललं तर खोकला काढून विषय बदलावा.

दुकानात गेल्यावर पहिलं काम आरशासमोर उभं राहण्याचं. ब्रिजखालच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखालच्या, उंची बदलायच्या दोन चकत्यांकडे चुकूनही पाहू नका. पाहिलं तर उगाच लक्षात येतं की मान (तारांखालचा लांब दांडा) सरळ आहे, ब्रिज पार तळाला टेकलाय आणि तरीही बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर) सगळ्यांत जाड ‘ई’ तार चार मिलिमीटर उंच उभी आहे. याचा अर्थ मानेचा कोन गेला. ही मान बहुधा चिकटवलेली असते, त्यामुळे स्क्रू सैल करून खाली पातळ पट्टी सरकवण्याची सोय नाही. सोडवून पुन्हा बसवायची तर कारागीर लागतो, आणि स्वस्तातल्या बेसच्या बाबतीत त्याचं बिल बेसच्या किमतीला लाजवतं. ई तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, सगळ्यांत बारीक ‘जी’ तार दोनच्या आसपास आणि चकत्यांना वर-खाली दोन्हीकडे फिरायला जागा, एवढं असलं तर घ्यायला हरकत नाही, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना आरशाचं महत्त्व कळत नाही.

घरी आणल्याबरोबर चारही तारा एकदम काढून टाका. आतली धूळ पुसायची असते ना! तारा सुटल्या की ब्रिज आपोआप हातात येतो, कारण तो कशानेच चिकटवलेला नसतो. नुसत्या तारांच्या दाबाने वरच्या पातळ फळीवर उभा असतो. सोबत फ्रेटच्या तारेचे चार बारीक तुकडेही गळून पडतात. पारंपरिक ब्रिजवर तारा टेकतात त्या याच तुकड्यांवर, आणि ते खाचांमध्ये नुसते दाबून बसवलेले असतात. गालिचा असेल तर त्यावरच पाडा, शोधायला संध्याकाळ पुरते. एकेक तार बदलणारे, किंवा ब्रिजच्या पायांभोवती कमी चिकट कागदी टेप लावून जागा खुणावून ठेवणारे लोक आयुष्यात या आनंदाला मुकतात.

आता ब्रिज परत बसवायचा. कुठे? जिथे शोभेल तिथे. बरोब्बर मध्यावर, काटकोनात. मोजपट्टी घेऊन बसलात तर हिशेब फार सोपा निघतो आणि मजा जाते: स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ७६२ मिलिमीटर, म्हणून नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बारावा फ्रेट ३८१ वर आणि तिथून ब्रिज आणखी ३८१ आणि वर काही मिलिमीटर. ई तारेच्या बाजूला हे ‘वर काही’ जास्त, जी तारेच्या बाजूला कमी, त्यामुळे नीट लावलेला ब्रिज किंचित तिरकाच दिसतो. तो तिरका दिसला की लगेच सरळ करा. मग पहिल्या तीन फ्रेटवर सूर जुळतील आणि दहाव्याच्या पुढे गेलात की बाकीचे वादक एकमेकांकडे बघू लागतील. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघणं हा रटाळ उद्योग आहे. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिज टेलपीसकडे (तारा मागे जिथे अडकवतात तिकडे), उतरला तर मानेकडे, दर वेळी केसभर, तेही तारा थोड्या सैल करून आणि पुन्हा सुरात लावून. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय असताना एवढे कष्ट कोण घेणार?

तारांच्या बाबतीत एकच नियम: बेस म्हणजे बेस, कुठल्याही तारा चालतात. नेहमीच्या ८६४ मिलिमीटर स्केलच्या तारा आणा, १०५ ची (इंचाच्या हजाराव्या भागांत) जाड ई बघून. ती नटच्या खाचेत पुरती बसत नाही, वरच अडकते. खुंटी पिळताना मध्येच टिंग असा आवाज होतो आणि सूर उडी मारतो. लांबी जास्त असल्यामुळे जाड भागच खुंटीभोवती गुंडाळावा लागतो, तिथे गुंडाळी उकलते आणि तार मेल्यासारखी वाजते. अगदीच आखूड तार आणली तर उलटा चमत्कार: जाड भाग नट यायच्या आधीच संपतो. या बेसचा टेलपीस ब्रिजपासून बराच मागे असतो, त्यामुळे पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेलं असूनही हे घडू शकतं. टेलपीसपासून नटपर्यंत दोरी धरून आधी लांबी मोजावी, चाळीस ते पंचाण्णवच्या आसपासच्या चपट्या गुंडाळीच्या तारा घ्याव्यात, हे सल्ले आळशांसाठी. तुम्ही चकचकीत, खरखरीत गोल गुंडाळीच्याच घाला आणि मग तो जुना गुबगुबीत ठुम ठुम आवाज का येत नाही म्हणून पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज टिपणारे चुंबकी डबे, बदलायला निघा.

स्विचेसची गंमत वेगळीच. अंगावरच्या पारंपरिक कंट्रोलच्या पट्टीवर दोन व्हॉल्यूम आणि तीन सरकते स्विच असतात. टोनची चकती नसते, तरी ती शोधत राहायला हरकत नाही. ‘बास ऑन’ आणि ‘ट्रेबल ऑन’ यांच्यावर लिहिलेल्या अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. ते जे म्हणतात तेच करतील असं नाही, आणि एका जुळणीत तर दोन्ही पिकअप झोपतात. कार्यक्रमाच्या पहिल्याच ठोक्याला ती जुळणी साधली तर सोन्याहून पिवळं. तिसरा स्विच ‘रिदम’वर ठेवला की एकूण आवाज उतरतो, तो तसाच ठेवून ॲम्प कमजोर असल्याची तक्रार करा. घरी शांतपणे ॲम्प हळू ठेवून, लहान पेचकसाचं टोक एकेका पिकअपवर हलकेच टेकवून कोणता टकटक करतो ते बघितलं तर दोन मिनिटांत सगळा उलगडा होतो. म्हणूनच ते करायचं नाही.

अंग पोकळ आहे, त्यामुळे ॲम्पच्या अगदी तोंडाशी उभं राहून आवाज चढवा. एखादा खालचा सूर स्वतःच घुमायला लागेल आणि थांबणार नाही. दोन पावलं बाजूला सरकून ॲम्पकडे तिरकं उभं राहिलं, किंवा नको त्या तारांवर तळहात ठेवला, तर हा घुमारा बंद होतो, पण मग प्रेक्षकांना कळणार कसं की बेस आला आहे? पट्टाही गुळगुळीत नायलॉनचाच घ्या. अंग हलकं आणि डोकं जड, त्यामुळे मान आपोआप जमिनीकडे झुकते आणि डावा हात वाजवायचं सोडून हमाली करतो. रुंद, आतून खरखरीत कातड्याचा पट्टा हा झोक बराच आवरतो. दिसतो मात्र अगदी साधा.

बेस रात्री गाडीत ठेवायलाही ऐतिहासिक आधार आहे. मॅकार्टनीचा तो पहिला बेस १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या व्हॅनमधून गेला आणि परत मिळाल्याची बातमी आली २०२४ मध्ये. तुमचा इतका वेळ घेणार नाही, कारण तो शोधायला कोणी निघणारच नाही.

राहता राहिला कडेचा जॅक, म्हणजे केबल खुपसायचं भोक. त्याचा पान्याने आवळायचा नट सैल झाला की नुसता बाहेरून पाना फिरवत राहा. जॅक आत स्वतःभोवती गोल फिरतो, आतल्या विजेच्या तारा पिळवटतात आणि सोल्डरचा डाग सुटतो. कंट्रोलची पट्टी स्क्रू काढून उचलली की आत बोट घालून जॅक धरता येतो आणि नट अर्ध्या मिनिटात घट्ट बसतो, पण त्या स्क्रूंना हात लावायची काय गरज? आवाज तुटक यायला लागला तर केबल बदला, मग दुसरी केबल, मग ॲम्प.